हलू नको

मेयोच्या एक्स-रे खोलीत माझं काम एवढंच:
पोराचं डावं मनगट प्लेटवर ठेवायचं,
बोटं थोडी फाकवायची
आणि म्हणायचं, हलू नको.
वय डॉक्टर लिहितात.

आज कामगार खात्याच्या उईके मॅडम
एकाला घेऊन आल्या कळमन्याच्या संत्रा बाजारातून.
दुर्वेश नंदनवार. शर्टाची वरची गुंडी नाही.
सोबत वयाचे तीन पुरावे:
शाळेच्या दाखल्यावर एक जून,
आधारवर एक जानेवारी,
आणि बाहेर बाकावर बसलेली आई,
"पिवळी मारबत निघाली ना, त्याच दिवशी झाला बाई.
साल? साल कोन लिहून ठेवते."

मॅडमच्या फाइलीला मात्र सालच लागतं.
चौदाच्या खाली असेल तर काम बंद,
व्यापाऱ्यावर गुन्हा, पोरगा शाळेत.
चौदा भरली असतील तर चालेल, पण
तीन तासांनंतर एक तास विसावा,
तो धरून दिवसाचे सहाच तास,
संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत
पेटीला हातसुद्धा लावायचा नाही,
आणि आठवड्यातून एक दिवस घरी.
पाढे म्हणावेत तसं त्यांनी म्हणून दाखवलं.
चुकल्या नाहीत कुठे.

दुर्वेश ऐकत होता.
"आठ वाजता कोन येते जी मंडीत?
गाड्या तीनले लागतेत.
आठले तं झाडू मारून राह्यते लोक."
मग हळूच, माझ्याकडे वळून,
"सर, पंधरा लिहा ना."

मी नाही लिहीत बावा, मी म्हटलं,
आणि त्याचा अंगठा सरळ केला.
नखाखाली पिवळं, सालीच्या तेलाचं.
म्हणाला, डोये मिटून सांगतो मी,
कोनतं रसाचं, कोनतं आतून कोरडं.
अंगठा टेकवला का समजते.

मीही अंगठाच बघतो.
त्याच्या मुळाशी एक हाड येतं, तिळाएवढं,
पोरांना तेराच्या सुमारास.
आणि वर, हाताच्या लांब हाडाच्या टोकाशी
फिल्मवर एक काळी फट दिसते.
उंची तिथून वाढते. अठराच्या आसपास बुजते ती.
त्या फटीत बोट घालून
सरकार तारीख शोधतंय,
आणि हाडांना वाढदिवस नसतो.
डॉक्टर लिहितील, तेरा ते पंधरा.
चौदा त्याच्या मधोमध बसेल,
ना इकडे, ना तिकडे.

माझीही एक जूनच.
गुरुजींनी वर्गातली अडतीस पोरं
एकाच दिवशी जन्माला घातली.
बाप म्हणाला होता, लिहा जी दोन जास्त,
लवकर नोकरीले लागन.
या एकतीस मेला मी अठ्ठावन्नचा होऊन घरी जाईन.
गुडघे काहीही म्हणोत, खरे छप्पन्नच आहेत.
माझं मनगट कुणी मागितलं नाही.

शिशाचा अ‍ॅप्रन त्याच्या अंगावर घातला.
जड आहे, म्हणाला. असू दे.
हलू नको.
बटण दाबलं. झालं.
तरी तो हलला नाही.
गाल टेबलावर, हात प्लेटवर ठेवला तसाच,
तोंड थोडं उघडं.
झोपला होता.
तीनपासून मंडीत, मग गाडीत, मग आमच्या रांगेत.

दार किलकिलं करून मॅडमना म्हटलं,
मशीन तापलं आहे, वेळ लागेल.
"किती?"
एक तास.
त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला,
मग माझ्या खांद्यावरून आत.
काही बोलल्या नाहीत.
फाइल मिटली आणि आईशेजारी जाऊन बसल्या.

मी पंखा एकवर आणला.
प्लेटला संत्र्याचा वास लागलाय,
पुढच्या पेशंटआधी पुसावी लागेल.
अजून पुसली नाही.